रवा, तूप आणि पाच गोळ्या

“डोळे मिटून भरून दाखवीन,” असं सूर्यकांत पोतनीस चारचौघांत बोलून गेले.

म्हणजे बोलले ते हिंदीत. “आंखा मिटके भरके दिखाऊंगा,” हे त्यांचे मूळ शब्द. पण हिंदी मिरजेचं असलं तरी बढाई अस्सल होती, आणि एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यातली पहिलीच होती. मिरजेच्या वाचनालयात पस्तीस वर्षं नोकरी करताना त्यांनी “पुस्तक वेळेवर परत करा” एवढंसुद्धा कोणाला तोंडावर सांगितलं नव्हतं. चिठ्ठी लिहून पुस्तकात ठेवायचे. रिक्षावाल्याने घर ओलांडून पुढे नेलं, तर पुढच्या चौकात मुकाट्याने उतरून चालत मागे यायचे. असा माणूस बढाई मारायला जातो तेव्हा सवय नसल्यामुळे त्याला मापाचा अंदाज येत नाही. चिमूटभर मीठ घालायचं तिथे तो मूठभर घालतो.

झालं होतं असं. सूर्यकांतराव आणि प्रमिलाबाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे, शारजाला अल नहदामध्ये आले होते. मुलगा कुशल इंटिरियरची कामं करायचा. अल ऐनला झैद नावाच्या एका स्थानिक गृहस्थांच्या घरी बैठकीच्या दालनाचं काम चालू होतं. एका शनिवारी कुशलने बाबांनाही गाडीत घातलं. दिवसभर चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीतून समोरच्या चौदाव्या मजल्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं, एवढाच त्यात हेतू.

झैदसाहेबांना जुन्या शस्त्रांची आवड. भिंतीत कपाटं कुठे करायची ते ठरवताना त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत मखमलीवर एक लांब नळीचं रिव्हॉल्व्हर पहुडलं होतं.

“असली पुराना नहीं,” झैदसाहेब म्हणाले, “नया बना है, लेकिन डिझाईन अठरासौ साठ का. लायसन्स है, सब है. तीन साल हो गया, एक गोली नहीं चलाया. क्लबवाला बोलता है, पहले कोई ऐसा आदमी लाओ जिसको भरना आता है.”

वर्षानुवर्षं नुसता पत्रव्यवहार असलेला मित्र अचानक जिन्यात भेटावा, तसं सूर्यकांतरावांना झालं. पेटीतलं रिव्हॉल्व्हर ठासणीचं होतं. आयतं काडतूस त्यात चालत नाही. फिरत्या चक्रातल्या प्रत्येक घरात आधी काळी पावडर ओतायची, वरून शिशाची गोळी ठासायची, आणि मागच्या बारीक नळीवर तांब्याची टोपी बसवायची. टोपी म्हणजे आपल्या दिवाळीच्या पिस्तुलातली टिकलीच, फक्त तांब्याच्या वाटीत बसवलेली. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि गोळी बाहेर. हे सगळं सूर्यकांतरावांना पाठ होतं, कारण त्यांनी त्यावर चारशे बारा पानांचं हस्तलिखित लिहिलं होतं. ‘ठासणीची शस्त्रे : इतिहास आणि वापर’. लिहायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत बंदुकीला बोटसुद्धा लावलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

आणि नेमकी तीच उणीव प्रकाशकाच्या लक्षात आली होती. सांगलीच्या परेशरावांनी हस्तलिखित परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती : ‘लेखकाने यातले काही स्वतः करून पाहिले आहे काय?’ त्या प्रश्नाला अकरा वर्षं झाली. सूर्यकांतरावांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण उत्तर ‘नाही’ असं होतं. हस्तलिखिताची झेरॉक्स मात्र ते जिथे जातील तिथे बॅगेतून नेत. शारजालाही आणली होती, लोणच्याच्या बरणीखाली.

म्हणूनच त्या दिवशी त्यांच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. कुशलने दचकून मागे वळून पाहिलं. खोलीत आणखी कोणी मराठी माणूस आलाय की काय, असं त्याला वाटलं.

“बाबा, तुम्ही?”

“माझ्या पुस्तकात आहे सगळं,” सूर्यकांतराव जमिनीकडे बघत म्हणाले.

“माशाल्ला, प्रोफेसर!” झैदसाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “नेक्स्ट सॅटर्डे, क्लब. खलास.”

परतीच्या वाटेवर कुशलने गाडी हायवेला लावली. मग म्हणाला, “बाबा, तो माझा क्लायंट आहे. काही झालं ना, तर हॉलचं काम जाईल आणि त्याच्या भावाच्या व्हिलाचंही.”

“काय होणार आहे?”

“तुम्ही घरी फ्यूज गेला तर आईला हाक मारता, बाबा.”

हे खरं होतं. पण सूर्यकांतरावांनी तोवर परेशरावांना मेसेजसुद्धा पाठवून टाकला होता : ‘येत्या शनिवारी प्रत्यक्ष प्रयोग करीत आहे.’ उत्तर लगेच आलं : ‘गोळी झाडतानाचा फोटो पाठवा. मग बघू.’

अकरा वर्षांत परेशरावांनी ‘मग बघू’ इतकं आशादायक काही लिहिलं नव्हतं.

आठवडाभर सूर्यकांतरावांनी उजळणी केली. पान दोनशे बारावर भरण्याची पद्धत होती. घरात पावडर थोडी कमी घातली तर गोळी खोल जाऊन बसते आणि नेम बिघडतो. म्हणून पावडर आणि गोळी यांच्यामध्ये बारीक रवा भरायचा. हे त्यांच्या मनचं नव्हे, परदेशातले शौकीन लोक खरंच रवा घालतात. आणि गोळी ठासून झाली की घराच्या तोंडाशी चरबी लिंपायची. नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरते आणि सगळी घरं एकदम उडतात.

चरबीपाशी मात्र सूर्यकांतराव लिहितानाच अडले होते. चरबी गाईची की डुकराची, यावरून सत्तावन्न साली केवढं रामायण झालं, ते त्यांनीच पान नव्वदवर सविस्तर लिहिलं होतं. भरणारा हिंदू आणि बंदूक मुसलमानाची असली, तर पंचाईत. तेव्हा दोन्ही पक्षांना चालेल असा स्निग्ध पदार्थ म्हणजे साजूक तूप, असा तर्क त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पान दोनशे बारावर मांडून ठेवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अगं, उद्या वाटीभर बारीक रवा देशील का? आणि दोन चमचे साजूक तूप. वेगवेगळ्या डब्यांत.”

“कशाला?”

बंदुकीत घालायला, असं सांगण्याची त्यांची छाती झाली नाही. प्रमिलाबाईंना बंदुकीचं एवढंच माहीत होतं, की झैदसाहेब दाखवणार आहेत आणि हे बघणार आहेत.

“झैदसाहेबांकडे न्यायचंय,” ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

प्रमिलाबाईंनी हातातला झारा ओट्यावर ठेवला. “कोरडा रवा आणि तूप?”

“हो.”

“अहो, त्याला शिधा म्हणतात. शिधा भटजींना देतात. भल्या माणसाकडे पाहुणे म्हणून जायचं आणि त्याच्या हातात शिधा ठेवायचा? काय म्हणतील ते लोक, आमचे दिवस घालायला आलेत का?”

“त्यांना कुठे कळतंय त्यातलं?”

“मला कळतंय ना.”

इथे सूर्यकांतरावांनी दोन वाक्यं बोलायला हवी होती. ती त्यांनी मनात जुळवलीसुद्धा. पण तोवर प्रमिलाबाई झारा उचलून पुन्हा कढईकडे वळल्या होत्या, आणि पाठमोऱ्या माणसाशी वाद घालणं त्यांना आडदांडपणाचं वाटे. “बरं, बघ तू,” असं म्हणून ते आत गेले आणि उजळणीला लागले. थोड्या वेळाने रवा भाजल्याचा घमघमाट सुटला. पण अल नहदाच्या त्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर काही ना काही भाजत असतं, म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सकाळी प्रमिलाबाईंनी स्टीलचा डबा पांढऱ्या फडक्यात घट्ट बांधून त्यांच्या मांडीवर ठेवला. “वाटेत सोडू नका. गाठ पुन्हा बसणार नाही.”

वाटीभर रव्याला हे वजन जरा जास्त आहे, असं त्यांना वाटलं. पण डबाच जाड असेल, असा त्यांनी तर्क केला. पुस्तकी माणसाला तर्काची कधी वाण पडत नाही.

गाडीत मागे नात होती, बारा वर्षांची आभा. झाडतानाचा फोटो काढण्याची जबाबदारी तिच्यावर होती.

“आजोबा, आर यू नर्व्हस?”

“छे,” आजोबा म्हणाले. अल ऐन येईपर्यंत त्यांनी पाण्याची बाटली तीनदा उघडली आणि न पिताच मिटली.

नेमबाजीचा क्लब गावाबाहेर होता. आत शिरताच थंडगार हॉल, गुबगुबीत कोच, खजूर आणि कहवा. झैदसाहेब दोन मित्रांना घेऊन आधीच बसले होते. रेंजची जबाबदारी कमरुद्दीन नावाच्या माणसावर होती. वय पन्नाशीचं, मिशी कातरलेली, कमरेला चाव्यांचा जुडगा. सूर्यकांतरावांचं आडनाव ऐकताच त्याने सरळ मराठीत सुरुवात केली.

“दापोलीकडचा मी, गुरुजी. आमचे चाचा ठासणीची बंदूक ठेवायचे. रानडुकरं यायची ना शेतात.”

“मग तुम्हाला भरता येतं?”

“लहान होतो हो. चाचा हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. म्हणून तर म्हटलं, जाणता माणूस आणा. तुम्ही किती वर्षं चालवताय?”

“मी लिहितो,” सूर्यकांतराव म्हणाले.

कमरुद्दीनने मान हलवली. लिहिणंही करत असतील चालवण्याबरोबर, असं त्याला वाटलं असावं.

“प्रोफेसर, सामान लाया?” झैदसाहेबांनी विचारलं.

“लाया,” असं म्हणून सूर्यकांतरावांनी फडक्याची गाठ सोडली आणि झाकण काढलं.

आत अकरा रव्याचे लाडू होते. गोल, गुळगुळीत, प्रत्येकाच्या कपाळावर एक बेदाणा.

सूर्यकांतराव लाडवांकडे बघत राहिले. लाडूही त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना सगळं एका क्षणात कळलं : कालचा घमघमाट, डब्याचं वजन, गाठीची ताकीद. आता बोलायला हवं होतं. ‘साहेब, घोटाळा झालाय, रवा आणि तूप मागवा,’ एवढंच. पण ते शब्द गळ्याशी येईपर्यंत झैदसाहेबांनी डबा स्वतःकडे ओढून घेतला होता.

“ओहो! मिठाई लाया! सबके लिए?”

यावर ‘नाही’ म्हणणारा पोतनीस अजून जन्मायचा होता.

झैदसाहेबांनी एक लाडू तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मित्रांना दिले. कुशलने एक खाल्ला, आभाने एक. कमरुद्दीनने “आमच्याकडे ईदला असेच करतात” म्हणत एक हातात घेतला आणि दुसरा रुमालात बांधला. कहवा देणाऱ्यालाही बोलावून एक दिला गेला. डबा हातोहात फिरत होता आणि सूर्यकांतराव आपला दारूगोळा शत्रूच्या नव्हे, यजमानाच्या पोटात जाताना पाहत होते. झैदसाहेबांनी तिसरा उचलला तेव्हा डब्यात एकच लाडू उरला.

सूर्यकांतरावांचा हात पुढे गेला. एवढ्या चपळाईने तो आयुष्यात कधी गेला नव्हता.

“प्रोफेसर भी मीठा खाता है,” झैदसाहेब हसले.

लाडू रुमालात आणि रुमाल खिशात गेला. कारण सूर्यकांतरावांच्या डोक्यात तोवर आणखी एक तर्क तयार झाला होता. लाडवात काय आहे? रवा आहे. तूप आहे. पुस्तकाला हवेत ते दोन्ही पदार्थ हजर आहेत. फक्त वेगवेगळे यायच्या ऐवजी हातात हात घालून आलेत.

रेंजवर काचेपलीकडे कुशल आणि आभा उभे राहिले. आभाने मोबाईल रोखून धरला. कमरुद्दीनने सूर्यकांतरावांना जाड चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारी बोंडं चढवली. झैदसाहेब मित्रांसह जरा मागे थांबले. दहा पावलांवर पांढऱ्या कागदावर काळी वर्तुळं होती आणि त्यामागे वाळूचा बांध.

सुरुवात झकास झाली. सूर्यकांतरावांनी घोडा अर्ध्यावर ओढला, चक्र टकटक करत मोकळं फिरलं, आणि त्यांचा आवाजही त्याबरोबर मोकळा झाला. “सहा घरं आहेत, पण भरायची पाच. घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. अपघात नको. शेवटी तोंडाला तूप लावायचं.” कमरुद्दीनने मान डोलावली. मापाच्या नळीतून पावडर पाच घरांत पडली. एक कणही सांडला नाही. कुशल काचेपलीकडून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर बापाविषयी असं काहीतरी दिसत होतं, जे त्याच्या दहावीनंतर दिसलं नव्हतं.

मग सूर्यकांतराव भिंतीकडे थोडे वळले, रुमाल काढला आणि चिमटीने लाडू कुस्करायला लागले.

कमरुद्दीनचं नाक हललं. “गुरुजी, हे काय?”

“रवा आहे. घालतात.”

“वास वेलचीचा येतोय.”

“भाजलेला आहे.”

“आणि तूप? तुम्ही म्हणालात, तोंडाला तूप लावायचं.”

“त्यातच आहे.”

कमरुद्दीनने चुऱ्याकडे वाकून पाहिलं. “पुस्तकात असंच आहे?”

“पुस्तकात रवा आहे आणि तूप आहे,” सूर्यकांतराव म्हणाले. हेही खोटं नव्हतं. साखर, वेलची आणि बेदाणा यांच्याबद्दल त्यांनी फक्त मौन पाळलं.

पाच घरांत लाडवाचा चुरा गेला. वरून शिशाच्या गोळ्या. नळीखालचा दांडा दाबला की गोळी करकरत आत बसे आणि शिशाची बारीक कड सोलून वर येई, अगदी पान दोनशे बारावर लिहिल्याप्रमाणे. ती कड पाहून सूर्यकांतरावांचे डोळे भरून आले. म्हणजे आपण लिहिलं ते खरं आहे! उरलेला लाडू त्यांनी गोळ्यांवर लिंपला. शेवटी पाच टोप्या बसवल्या.

“कमरुद्दीन, एक सांगून ठेवतो. तूप नीट बसलं नसेल, तर एका घराची ठिणगी दुसऱ्यात जाते. मग पाचही एकदम उडतात.”

“आत्ता सांगताय?”

“क्रमाने सांगत होतो.”

कमरुद्दीनने झैदसाहेबांना आणखी चार पावलं मागे जायला सांगितलं. स्वतः मात्र सूर्यकांतरावांच्या खांद्याशी उभा राहिला. “बिस्मिल्ला,” तो पुटपुटला.

सूर्यकांतरावांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर उचललं, घोडा ओढला, नेम धरला, आणि डोळे मिटले. बढाईचा अर्धा भाग तरी खरा झाला.

चाप ओढला.

आवाज असा झाला, की मिरजेच्या वाचनालयातल्या पस्तीस वर्षांच्या शांततेचा हिशोब एका दमात चुकता व्हावा. हाताला झटका बसला, नळी आढ्याकडे गेली. डोळे उघडले तेव्हा जग नव्हतं. फक्त पांढरा धूर होता. काळी पावडर धूर करते हे त्यांनी दोन पानं खर्चून लिहिलं होतं, पण इतका, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या धुराला वास होता. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या कढईखाली कोणीतरी फटाक्याची माळ लावावी, तसा.

“माशाल्ला,” धुरातून झैदसाहेबांचा आवाज आला. “भूक लग गया.”

“गुरुजी, बोटं मोजा,” कमरुद्दीन म्हणाला.

सूर्यकांतरावांनी मोजली. दहा भरली. धूर निवळला तसा कमरुद्दीनने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ काढली नाही.

“गोळी वर वाळूत गेली. पण कागदावर काहीतरी आहे.”

“काय?”

“सातच्या वर्तुळात. बेदाणा चिकटलाय.”

झैदसाहेबांनी दुर्बीण मागून घेतली, खात्री केली, आणि सात गुण जाहीर केले. मित्रांनी टाळ्या वाजवल्या. सूर्यकांतरावांना हुरूप आला. त्यांनी दुसऱ्या गोळीसाठी घोडा ओढला.

घोडा हलला नाही.

दोन्ही अंगठे लावले. घोडा हलेना, चक्र फिरेना. कमरुद्दीनने नळी वाळूकडेच ठेवून रिव्हॉल्व्हर हळूच आपल्या हातात घेतलं आणि वाकून बघितलं. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तपकिरी, चकचकीत, काचेसारखं काहीतरी ओघळून थिजलं होतं.

“चार घरं भरलेली आहेत,” तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम सरकारी झाला. “यल्ला, सगळे मागे. गुरुजी, खरं सांगा. आत काय काय आहे?”

काचेपलीकडचा कुशल आत आला होता. त्याचा चेहरा असा झाला होता, की हॉल आणि व्हिला दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोरून उंटावर बसून निघून जात असावेत.

सूर्यकांतरावांनी जमिनीकडे पाहिलं. मग आयुष्यात दुसऱ्यांदा धीर करून, झैदसाहेबांकडे सरळ पाहून ते बोलले. “साब, मेरेको बंदूक चलाना नहीं आता. मैंने सिर्फ किताब लिखा. घर से रवा आना था, लाडू आया. मैं बोला नहीं. लाडू अंदर है.”

“किसके अंदर?”

“बंदूक के.”

झैदसाहेबांनी मित्रांकडे पाहिलं. मित्रांनी डब्याकडे पाहिलं. डबा रिकामा होता.

“लास्ट वन?” झैदसाहेबांनी अत्यंत दुःखाने विचारलं. “वो लास्ट वन इसमें डाला?”

तोवर कमरुद्दीनने बारीक पकडीने मागच्या चारही टोप्या एकेक करून काढल्या होत्या. “आता ठिणगी पडायची नाही,” त्याने सुस्कारा सोडला. “पण हे सोडवायचं कसं? आपटून चालणार नाही, आत पावडर आहे. गुरुजी, तुमच्या पुस्तकात?”

“कढत पाण्याने धुवावे, असं आहे. पण साखरेचं काही लिहिलेलं नाही.”

साखरेचं सगळं जाणणारी व्यक्ती एकच होती. आभाने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर प्रमिलाबाईंचा कान आला.

“अगं, साखर जळून चिकटली तर काय करायचं?” सूर्यकांतरावांनी विचारलं.

“कशात चिकटलीय?”

“लोखंडात.”

“कढईत का?”

“साधारण कढईच समज.”

“कढत पाणी घाला आणि झाकून ठेवा. खरवडू नका, चरे पडतात. पाक गोळीबंद झाला असेल तर अर्धा तास तरी लागेल.”

कमरुद्दीनने शब्द ऐकला, हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “चार आहेत, ताई.”

“हे कोण? आणि तुम्ही त्यांच्या घरची कढई जाळलीत का? अहो, बोला ना.”

“आजी, इट्स नॉट अ कढई,” आभा म्हणाली आणि तिने मोबाईल वळवला.

पडद्यावर कानाऐवजी आता प्रमिलाबाईंचे डोळे आले.

“माझे लाडू बंदुकीत घातलेत?”

“एकच,” सूर्यकांतराव म्हणाले. “दहा खाल्ले.”

मग प्रमिलाबाईंचा आवाज आला, पण वेगळ्याच सुरात. “कसे झाले होते, विचारा ना त्यांना.”

क्लबच्या पेंट्रीतून एक पातेलं आलं. त्यात कढत पाणी, पाण्यात चक्रापर्यंत बुडवलेलं रिव्हॉल्व्हर, वर ताटली. अठराशे साठचं डिझाईन भाताच्या पातेल्यात डोकं घालून अर्धा तास बसलं. झैदसाहेब, दोन मित्र, कुशल, आभा आणि सूर्यकांतराव पातेल्याभोवती, चहा उकळायची वाट बघावी तसे उभे होते. आठ-दहा मुंग्याही कुठून तरी येऊन रांगेत थांबल्या. पावडर भिजली, पाणी काळं आणि गोड झालं, आणि बत्तिसाव्या मिनिटाला कमरुद्दीनने पातेल्यात हात घालून चक्र फिरवलं. टक. टक. सुटलं. एक चरासुद्धा पडला नव्हता.

कुशलने इतका मोठा श्वास सोडला की मुंग्यांची रांग मोडली.

“प्रोफेसर,” झैदसाहेब म्हणाले, “नेक्स्ट सॅटर्डे फिर आना.”

सूर्यकांतरावांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. “फिर से बंदूक?”

“बंदूक कमरुद्दीन देखेगा. तुम डब्बा लाना. मॅडम का बडा वाला डब्बा.”

गाडीत बसल्यावर सूर्यकांतरावांनी हळूच विचारलं, “आभा, फोटो?”

“सॉरी, आजोबा,” ती म्हणाली आणि मोबाईल पुढे केला. फोटोत एक पांढराशुभ्र ढग होता. ढगाखाली दोन चपला. डाव्या चपलेच्या अंगठ्याला शिवण घातलेली होती, त्यावरून त्या सूर्यकांतरावांच्या आहेत हे घरच्यांना ओळखता आलं असतं.

त्यांनी तोच फोटो परेशरावांना पाठवला. दुसरा नव्हताच. घरी आल्यावर लोणच्याच्या बरणीखालून हस्तलिखित काढलं, पान दोनशे बारावर बारीक अक्षरात एक तळटीप घातली, आणि त्या पानाचाही फोटो पाठवला. तळटीप अशी : ‘रवा कच्चा व कोरडा असावा. साखर घातलेला वापरल्यास चक्र एका गोळीनंतर घट्ट बसते. ते कढत पाण्यात बत्तीस मिनिटांनी सुटते. बेदाणे काढून घ्यावेत.’

अकरा वर्षांत प्रथमच त्यांनी काहीतरी असं लिहिलं होतं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

परेशरावांचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. सूर्यकांतरावांनी चष्मा पुसला आणि प्रमिलाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने वाचलं.

‘फोटोतील ढग पाहिला. तळटीप उत्तम. ज्याने केले आहे तोच असे लिहू शकतो. चारशे बारा पानांत हे एवढेच पटले. उरलेली चारशे अकरा पानेही अशीच एकेक करून पाहावीत. मग बघू.’

“म्हणजे छापणार ना?” प्रमिलाबाईंनी रव्याचा डबा खाली काढत विचारलं. शनिवारसाठी त्यांना आजच अंदाज घ्यायचा होता.

“छापतील,” सूर्यकांतराव म्हणाले. “फक्त पुढचं पान करून बघायचंय.”

त्यांनी पान दोनशे तेरा उघडलं. वर त्यांच्याच वळणदार अक्षरात मथळा होता : ‘सर्व घरे एकाच वेळी उडाल्यास’.

सूर्यकांतरावांनी तो दोनदा वाचला. मग हस्तलिखित मिटलं, पुन्हा बरणीखाली सरकवलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अगं, लाडू वळायला काही मदत करू का?”